नादार कोण, दिवाळखोर कोण? : ऋणविषयक कायद्याच्या मराठी परिभाषेसंबंधी

संसदेच्या सदस्यत्वास कोण अपात्र ठरते, हे भारतीय संविधानाच्या १०२ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. त्यांतील एक अपात्रता इंग्रजी पाठात ‘अनडिसचार्ज्ड इन्सॉल्व्हन्ट’ अशा शब्दांत येते. हिंदी पाठात तिच्यासाठी ‘अनुन्मोचित दिवालिया’ अशी शब्दयोजना आहे, तर मराठी पाठात ‘अविमुक्त नादार’ अशी. विशेषण दोन्ही भाषांनी संस्कृतातून घडविले. नामापाशी मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. हिंदीने बाजारातला शब्द उचलला, मराठीने जुन्या दप्तरातला. या निवडीची चिकित्सा मराठीच्या अभ्यासकांनी फारशी केलेली नाही. परिभाषा हा भाषा संचालनालयाचा आणि वकिलांचा विषय, वाङ्मयाच्या विभागाचा नव्हे, अशी एक सोयीची समजूत महाविद्यालयांत रुजली आहे, हे त्याचे कारण असावे. पण एखाद्या माणसाला कायद्याच्या भाषेत कोणत्या नावाने हाक मारायची, हा प्रश्न शब्दशक्तीचा आहे. आणि अभिधा-लक्षणा-व्यंजना शिकविणाऱ्यांनी तो परका मानण्याचे काही कारण नाही.

२०१६ साली केंद्र शासनाने ‘इन्सॉल्व्हन्सी अँड बँक्रप्ट्सी कोड’ हा कायदा केला आणि या प्रश्नाला नवी धार आली. तोवर मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांसाठी १९०९ चा आणि उर्वरित मुलखासाठी, म्हणजे नागपूर-वऱ्हाडासाठीही, १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम असे दोन कायदे होते. दोन्हींच्या शीर्षकात ‘इन्सॉल्व्हन्सी’ हा एकच शब्द होता. नव्या संहितेच्या नावात दोन शब्द आले, आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘इन्सॉल्व्हन्सी’ ही अवस्था होय : देणे फेडता येत नाही अशी स्थिती. ‘बँक्रप्ट्सी’ हा त्या अवस्थेतून मार्ग न निघाल्यास पुढे येणारा न्यायिक आदेश होय. आणि तो संहितेत केवळ व्यक्ती व भागीदारी संस्था यांच्यापुरता आहे. कंपनीच्या बाबतीत संहिता ‘बँक्रप्ट’ हा शब्द वापरत नाही. कंपनीच्या नादारीचे निराकरण होते किंवा तिचे अवसायन होते. हिंदीत या संहितेला ‘दिवाला और शोधन अक्षमता संहिता’ म्हणतात. मराठीत ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ किंवा ‘दिवाळखोरी आणि नादारी संहिता’ अशी दोन्ही क्रमांनी नावे छापली जातात. वृत्तपत्रांनी तर ‘नादारी’ गाळून ‘दिवाळखोरी संहिता’ एवढेच ठेवले आहे. परिणामी एखाद्या कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला गेला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘अमुक कंपनी दिवाळखोर’. कायद्याच्या दृष्टीने हे विधान चुकीचे आहे आणि भाषेच्या दृष्टीने अन्यायाचे.

अन्यायाचे का, हे पाहण्यासाठी शब्दांच्या घडणीकडे वळले पाहिजे. ‘नादार’ हा फारसी शब्द. ‘ना’ म्हणजे नाही आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. ज्याच्यापाशी नाही तो नादार. दुकानदार, जमीनदार, कर्जदार यांच्याच कुळातला हा शब्द आहे, फक्त अभावाचा. तो परिस्थितीचे वर्णन करतो, स्वभावाचे नव्हे. ‘दिवाळखोर’मधला ‘खोर’ही फारसीच, मूळ अर्थ खाणारा. पण मराठीत हा प्रत्यय निंदेवाचून क्वचितच येतो : लाचखोर, चुगलखोर, भांडखोर, नफेखोर, हरामखोर. या पंगतीत ‘दिवाळखोर’ जाऊन बसला की त्याच्याकडे संशयाने पाहणे भागच पडते. ज्याचे दिवाळे निघाले तो दिवाळे काढण्याची खोड असलेला ठरतो. वापरातूनही हेच दिसते. राजकीय भाषणांत ‘वैचारिक दिवाळखोरी’ नित्य ऐकू येते. ‘वैचारिक नादारी’ असे कोणी म्हणत नाही, कारण त्या शब्दाने शिवी देता येत नाही.

‘दिवाळे’ या मूळ शब्दाला मात्र असा दोष देता येणार नाही. देणे थकलेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून देणेकऱ्यांना काय समजायचे ते समजे, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती शास्त्रशुद्ध असो वा लोकप्रिय, त्या चित्रात एक प्रकारची कबुली आहे. १९२० च्या अधिनियमात नादारीच्या ज्या कृती सांगितल्या आहेत त्यांतही या चित्राचे दोन्ही पैलू सापडतात : आपण देणे थांबविले आहे अशी सूचना ऋणकोने धनकोंना देणे ही एक कृती, आणि धनकोंना टाळण्यासाठी राहते घर किंवा धंद्याची जागा सोडून जाणे ही दुसरी. बोलभाषेने या छटा वाक्प्रचारांतून फार नेमक्या टिपल्या आहेत. दिवाळे ‘निघते’ तेव्हा दोष परिस्थितीचा असतो, ‘काढले’ जाते तेव्हा माणसाचा, आणि ‘वाजते’ तेव्हा गावाला कळलेले असते. जो ‘हात वर करतो’ तो निदान समोर उभा असतो. क्रियापद बदलून नैतिक निर्णय बदलण्याची ही सोय ‘दिवाळखोर’ या घट्ट नामात उरत नाही.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. इटलीचा दाखला येथे उपयोगी पडेल, कारण इंग्रजीतील ‘बँक्रप्ट’चे मूळच तेथे आहे. ‘बांका रोत्ता’ म्हणजे मोडलेला बाक. देणे न देऊ शकलेल्या सराफाचे बाजारातील बाक मोडून टाकीत, अशी कथा त्यामागे सांगितली जाते. दिवा आणि बाक, दोन्हीकडे दुकानच बोलते. मात्र इटलीच्या कायद्याने स्वतःसाठी वेगळा शब्द घेतला, ‘फालिमेंतो’. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा एक अर्थ फसविणे असा आहे. देणे बुडाले म्हणजे फसवणूक झालीच, अशा आशयाचे एक वचन चौदाव्या शतकातील कायदेपंडित बाल्डुस याच्या नावावर सांगितले जाते. १९४२ च्या इटालियन कायद्यात अशा व्यक्तींच्या नावांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. २००६ च्या सुधारणेत ती गेली. पुढे २०१९ साली नवी संहिता झाली आणि १५ जुलै २०२२ पासून ती अमलात आली. या संहितेने ‘फालिमेंतो’ हा शब्दच हद्दपार केला आणि त्याच्या जागी ‘न्यायिक अवसायन’ अशा अर्थाचे पद बसविले. प्रक्रियेचा सांगाडा पुष्कळसा तोच राहिला असूनही नाव बदलणे विधिमंडळाला आवश्यक वाटले, कारण त्या नावाला चिकटलेला कलंक धंदा सावरू पाहणाऱ्याला वेळीच न्यायालयात येऊ देत नव्हता.

आता हे शब्द इंग्रजीत नेणाऱ्या अनुवादकाची अवस्था काय झाली असेल, ती पाहावी. ‘फालिमेंतो’ला तो ‘बँक्रप्ट्सी’ म्हणत आला. पण इंग्लंडच्या कायद्यात ‘बँक्रप्ट्सी’ व्यक्तीची असते, कंपनीची नव्हे. अमेरिकेत ती दोघांचीही असते. म्हणजे शब्द निवडण्याआधी वाचक कोणत्या किनाऱ्यावरचा, हे ठरवावे लागते. ‘कोन्कोर्दातो प्रेव्हेंतिव्हो’ या प्रक्रियेचे शब्दशः भाषांतर ‘प्रतिबंधक समझोता’ असे होईल. आणि कशाचा प्रतिबंध, हा प्रश्न तसाच राहील. तो समझोता धनकोंशी असतो आणि प्रतिबंध दिवाळ्याचा असतो. युरोपीय संघाने २०१५ च्या आपल्या विनियमाच्या परिशिष्टात प्रत्येक देशाच्या प्रक्रियांची नावे त्या त्या भाषेत, भाषांतर न करता, तशीच ठेवली. अनुवादकाच्या दृष्टीने हा पराभव आहे, की प्रामाणिकपणा? कायद्यापुरता तो प्रामाणिकपणाच मानला पाहिजे. परंतु मूळ नाव जसेच्या तसे ठेवण्याची मुभा त्याच वाचकाच्या बाबतीत रास्त होय, ज्याच्या हाताशी वकील आहे.

नागपूरला हा विषय नवा नाही. किंबहुना परिभाषेचा सर्वांत मोठा प्रयोग याच शहरात झाला. डॉ. रघुवीर यांनी १९४६ च्या सुमारास आपली संस्था लाहोरहून येथे आणली आणि पुढील दहा वर्षे, दिल्लीला जाईपर्यंत, इंग्रजी शब्दांना संस्कृत धातूंवरून प्रतिशब्द घडविण्याचे काम येथूनच चालविले. त्यांना मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शासनाचे पाठबळ होते. संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हेही याच प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष. उपसर्ग आणि प्रत्यय यांची गणिती मांडणी करून लक्षावधी शब्द निर्माण करता येतात, ही रघुवीरांची श्रद्धा होती, आणि शास्त्रांच्या परिभाषेत तिचे चीज झालेही. त्यांच्या शब्दांची टिंगल करणे पुढे फार सोपे झाले. त्या टिंगलीत नागपूरचे विनोदकारही मागे नव्हते. पण येथे आक्षेप टिंगलीचा नाही. हिंदीतील ‘शोधन अक्षमता’ मराठीत आणून पाहावी. संस्कृतात ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडणे, हे खरे. मराठी माणसाला मात्र शोधन म्हटले की शोध घेणे आठवते, फार तर शुद्ध करणे. ‘शोधनाक्षम व्यक्ती’ म्हणजे जिला काही सापडत नाही अशी व्यक्ती, असाच अर्थ बुटीबोरीचा कामगार घेईल, आणि चूक त्याची नसेल. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या ‘न्याय व्यवहार कोशा’सारख्या कोशांतून कायद्याची मराठी परिभाषा आकाराला आली. संस्कृतनिष्ठेचे आरोप या कोशांवरही झाले आहेत. पण ‘इन्सॉल्व्हन्सी’पाशी त्यांनी फारसी ‘नादारी’ ठेवली, ही गोष्ट आरोप करणारे सहसा विसरतात. रघुनाथपंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’पासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत फारसी शब्द काढून टाकण्याची जी परंपरा मराठीत आहे, तिच्या काटेकोर निकषावर ‘नादार’ टिकला नसता. तो टिकला हे मराठीचे भाग्यच म्हटले पाहिजे.

‘नादारी’च्या विरोधात एक आक्षेप मात्र गंभीर आहे. हा शब्द मराठीत आधीच दोन कामांना जुंपलेला होता. शाळेत फी माफ होई ती नादारी. अर्धी नादारी आणि पूर्ण नादारी असे तिचे प्रकार असत, आणि एका पिढीच्या आत्मकथनांत हा शब्द कृतज्ञतेने येतो. पुढे उत्पन्नावर आधारलेल्या ई. बी. सी. सवलती आल्या, तेव्हा तो मागे पडला. दुसरे काम न्यायालयातले : कोर्ट-फी भरण्याची ऐपत नसलेल्याने लावलेला दावा तो नादारीचा दावा. म्हणजे ‘नादार’ हा निर्धन होय. परंतु इन्सॉल्व्हन्ट निर्धनच असतो असे नाही. वाडा, शेती, गिरणी असूनही देणे मालमत्तेहून मोठे झाले, किंवा मालमत्ता वेळेवर मोकळी झाली नाही, तर तो इन्सॉल्व्हन्ट होतो. अशा माणसाला ‘ज्याच्यापाशी नाही तो’ म्हणणे सत्याला सोडून आहे, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. त्यावर इतकेच म्हणता येते की, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या सुधारणेने इंग्रजीतही ‘पॉपर’ हा शब्द सोडून ‘इंडिजन्ट पर्सन’ हा कमी बोचरा शब्द घेतला; तेव्हा मराठीनेही त्या जागी ‘निर्धन व्यक्ती’ वापरून ‘नादार’ला एकाच कामासाठी मोकळे करावे. अर्थाचा थोडा संकोच, थोडा विस्तार सोसूनच कोणताही शब्द पारिभाषिक होतो. ‘कर्जदार’ तरी कर्ज बाळगणारा कुठे असतो? बहुधा ते खर्चून बसलेला असतो.

उरला तो आदेशानंतरचा ‘बँक्रप्ट’. त्याला ‘दिवाळखोर’ म्हणू नये, असे येथे सुचवावयाचे आहे. ज्याने ऐपत असून जाणूनबुजून बुडविले त्याच्यासाठी मराठीत ‘कर्जबुडवा’ हा खणखणीत शब्द आहे, आणि ज्याचे हप्ते केवळ तुंबले आहेत त्याच्यासाठी ‘थकबाकीदार’. दोषाची पायरी दाखविण्याची सोय भाषेत असताना न्यायालयाने केवळ घोषित केलेल्या माणसाला ‘खोर’ लावण्याची गरज नाही. ‘दिवाळे-घोषित’ हे पद त्या जागी चालेल. ते ओबडधोबड आहे, पण आदेश झाला एवढेच ते सांगते.

परिभाषा वरून लादली की रुजत नाही, हे वाक्य चर्चासत्रांत पुष्कळदा ऐकू येते. ‘अवसायक’ हा शब्द त्याला पुरेसे उत्तर आहे. सहकारी संस्था गुंडाळताना तिच्यावर नेमला जाणारा अधिकारी तो अवसायक. संस्था ‘अवसायनात निघते’. निखळ संस्कृत, उच्चाराला अवघड, कोणत्याही बोलीत पूर्वी नसलेला असा हा शब्द. तरीही १९६० च्या सहकार कायद्यानंतरच्या महाराष्ट्रात तो तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवर ऐकू येतो, कारण पतसंस्थेत अडकलेली ठेव परत मिळेल की नाही हे त्याच्या हातात असते. ज्या शब्दाशी माणसाचा पैसा अडकतो तो शब्द माणूस शिकतो. मात्र त्यासाठी शब्द एकच असावा लागतो. दर खेपेला वेगळा येऊन चालत नाही.

आणि नेमके हेच आज होत नाही. कंपनीविरुद्ध नादारीची प्रक्रिया सुरू झाली की हंगामी निराकरण व्यावसायिकाने एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी, असे २०१६ च्या विनियमांनी सांगितले आहे. म्हणजे कायद्याची मराठी येथे ऐच्छिक नाही, ती बंधनकारक आहे. कंपनीकडून ज्यांचे येणे आहे त्यांनी ठराविक मुदतीत, ठराविक नमुन्यात दावा करायचा असतो : माल वा सेवा पुरविणाऱ्यांसाठी एक नमुना, बँकांसाठी दुसरा, कामगारांसाठी तिसरा. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना बंद पडला, तर त्यातील कामगाराला त्याच्या थकीत पगाराचे काय होणार हे सांगणारे मराठीतील पहिले कागदपत्र बहुधा हेच असते. या सूचना वाचून पाहाव्यात. कोठे ‘वित्तीय धनको’, कोठे ‘आर्थिक ऋणदाते’, तर कोठे ‘फायनान्शियल क्रेडिटर’ नुसते देवनागरीत उतरविलेले. ‘रिझोल्यूशन’चे भाषांतर ‘ठराव’ असे झालेलेही आढळते. म्हणजे नादारीचे निराकरण करणारा अधिकारी सभेत ठराव मांडणारा कोणी होऊन बसतो. ‘धनको’ आणि ‘ऋणको’ हे दोन शब्द ध्वनीने इतके जुळे आहेत की ‘धनको’ म्हणजे आपणच, हे पगार थकलेल्या माणसाच्या लक्षात येणे कठीण. ‘येणेकरी’ आणि ‘देणेकरी’ हे शब्द अधिक सोपे वाटतील, पण त्यांतही घोटाळा आहे : काही घरांत ‘देणेकरी’ म्हणजे ज्याला द्यायचे तो, तर काही घरांत ज्याने द्यायचे तो. येथे ‘ज्यांचे येणे बाकी आहे ते’ असे चार शब्द वापरले तर जाहिरातीची एखादी ओळ वाढेल. वाढू द्यावी.

२०१६ च्या संहितेतील व्यक्तींसंबंधीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. या भागात लहान ऋणकोंसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांहून अधिक नाही, मालमत्ता वीस हजारांहून अधिक नाही आणि पात्र देणे पस्तीस हजारांहून अधिक नाही, अशा माणसाचे कर्ज पुसून त्याला नव्याने उभे राहू देण्याची ही तरतूद. २०१९ च्या त्या अधिसूचनेत तिचा समावेश नव्हता. तिला मराठीत काय म्हणावे, हे आधीच ठरवून ठेवणे इष्ट. इटालियन कायद्यात २००६ पासून ‘एझ्देबितात्सिओने’ अशी संज्ञा आहे. अक्षरशः ‘कर्जाबाहेर काढणे’. तिचे इंग्रजी भाषांतर ‘डिसचार्ज’ असे करतात, आणि त्यात कर्ज हा शब्दच नाहीसा होतो. मराठीवर ही पाळी यायचे कारण नाही. या प्रदेशाने ऋणाच्या शब्दांवर आजवर बराच विचार केलेला आहे. मध्यप्रांताने १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा केला आणि मंडळे नेमली. त्या काळी सामान्य माणसाने ‘तडजोड’ हा शब्द कोणाकडूनही शिकला नाही, तो त्याचाच होता. शरद जोशी यांनी ‘कर्जमाफी’ हा शब्द नाकारून ‘कर्जमुक्ती’चा आग्रह धरला, माफी गुन्हेगाराला असते, शेतकरी गुन्हेगार नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. २००८ आणि २०१७ च्या योजना बोलण्यात ‘कर्जमाफी’च राहिल्या, २०१९ च्या राज्य योजनेच्या अधिकृत नावात ‘कर्जमुक्ती’ आली. एक शब्द बदलायला चळवळीची इतकी वर्षे लागली.

त्याहूनही जुना शब्द अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी आहे. ऋणमोचन हे गावाचे नाव. पौषात तेथे यात्रा भरते, आणि ज्या गाडगेबाबांनी ऋण काढून सण करू नका असे आयुष्यभर सांगितले, त्यांच्या सेवाकार्याचा आरंभ याच घाटावर झाला. वऱ्हाडातल्या यात्रेकरूला ‘ऋणमोचन’ म्हणजे काय, हे कोशात पाहावे लागत नाही. संहितेतील त्या प्रकरणाच्या मराठी शीर्षकासाठी हा शब्द विचारात घेण्यास हरकत नसावी.